मावशींना बुडवायचं कुणी

गेले तीन आठवडे लंबूच्या पोटात दुखत होतं आणि त्या दुखण्याला औषध नव्हतं. दुखण्याचं नाव गुबऱ्या.

दोघेही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे मिशनरी. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. वय विशीच्या आसपास, मिसरूडही नीट फुटलेलं नाही, आणि लोकांनी म्हणायचं काय, तर 'एल्डर', म्हणजे वडीलधारे! मिशनचा नियम असा की जोडीदारानं जोडीदाराच्या नजरेआड व्हायचं नाही. रस्त्यात, बाजारात, लोकांच्या दारात, सगळीकडे जोडीनंच. अहो, माणसाला कुणाचा राग आला तर निदान चार पावलं लांब जाऊन तरी तो काढता यावा की नाही? लंबूला तेवढीही सोय नव्हती. ज्याच्यावर जळायचं त्याच्याच मांडीला मांडी लावून जळायचं.

आणि जळण्यासारखं होतंच. शिवणकाम करणाऱ्या मावशी लंबूला भर उन्हाळ्यात भेटल्या. त्यांचं दुकान म्हणजे एक खोली, एक मशीन आणि बाकी सगळे कपड्यांचे ढीग. आधी त्यांनी दोनतीनदा तोंडावर दार लावलं. मग एकदा म्हणाल्या, "आलाच आहेस तर सुईत दोरा ओवून दे. मला दिसत नाही." तेव्हापासून लंबू दोरे ओवत गेला आणि ओवता ओवता शास्त्र वाचून दाखवत गेला. या पंथात चहा चालत नाही, आणि मावशींचा चहा काही सुटेना. सोडायला गेल्या की डोकं धरून बसायच्या आणि लंबूवर खेकसायच्या, "तुझा देव माझ्या कपात कशाला डोकावतो रे?" ते सगळं लंबूनं ऐकून घेतलं. त्याचा तेव्हाचा जोडीदार खुर्चीत डुलक्या घ्यायचा.

त्या जोडीदाराची बदली झाली आणि गुबऱ्या आला. आला तोच हसत. पहिल्याच दिवशी त्यानं मशीन उचलून खिडकीपाशी उजेडात ठेवलं, वर नाताळचं एक गाणं बेसूर आवाजात म्हटलं. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. 'गुबऱ्या' हे नावही त्यांनी तासाभरात ठेवलं. लंबूचा 'लंबू' व्हायला महिना गेला होता!

मग मावशींनीच ठरवलं, नाताळच्या आदल्या दिवशी बाप्तिस्मा घ्यायचा, म्हणजे हौदाच्या पाण्यात बुडून पंथात यायचं. आता बाप्तिस्मा कुणाच्या हातून घ्यायचा हे घेणाऱ्यानं सांगायचं असतं. लंबूनं आपला पांढरा पोशाख इस्त्री करून खुंटीला लावूनसुद्धा ठेवला. मावशींनी दातांनी दोरा तोडला आणि म्हणाल्या, "गुबऱ्या करेल."

"वा! छानच," लंबू म्हणाला आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मर मर मेलो मी, आणि हा आयत्या ताटावर बसला, हे एकच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. त्या रात्री शेजारच्या खाटेवर गुबऱ्या घोरत होता, तेसुद्धा त्याला मुद्दाम घोरल्यासारखं वाटलं.

इथल्या चर्चच्या मंडळीचे प्रमुख रविवारी प्रमुख आणि एरवी प्लंबर. ते म्हणाले, "लंबू, तू साक्षीदार. एक मी, एक तू." साक्षीदाराचं काम सोपं. हौदाच्या दोन बाजूंना उभं राहून बघायचं, की माणूस पाण्याखाली पूर्ण गेला ना. पायाचं बोट, कोपर, कपड्याचं टोक, काहीही वर राहिलं तर बाप्तिस्मा पुन्हा करायचा. लंबूला वाटलं, झालं! लग्न दुसऱ्याचं आणि आपण उभं राहून बघायचं.

त्या दिवशी हौदाचं पाणी नीट तापलं नव्हतं. मावशी पांढऱ्या झग्यात पायऱ्या उतरल्या तेव्हा कठडा सोडेचनात. पाण्याला त्या जाम घाबरायच्या. बाकांवर मंडळीतली पंधरावीस माणसं श्वास रोखून बसली होती. गुबऱ्यानं कानाशी काहीतरी सांगितलं, त्या हसल्या, कठडा सुटला. हेही त्यालाच जमावं ना! लंबूच्या अंगाचा तिळपापड झाला. गुबऱ्यानं हात वर करून प्रार्थना म्हटली, मावशींना मागे झुकवलं आणि पाण्याखाली नेलं. केस गेले, नाक गेलं, झगा गेला, पाय गेले. लंबूला अगदी स्वच्छ दिसलं. काहीही वर नव्हतं.

मावशी धापा टाकत वर आल्या. प्लंबरनं मान डोलावली. सगळ्यांनी लंबूकडे पाहिलं.

"पाय बाहेर होता," लंबू म्हणाला.

म्हणून गेला खरा, पण शब्द मागे कसे घ्यायचे? गुबऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी थरथरत होत्या. त्यांनी लंबूकडे एकदा पाहिलं आणि गुबऱ्याला म्हणाल्या, "चल, पुन्हा." या वेळी नाकातोंडात पाणी गेलं. वर आल्यावर कितीतरी वेळ खोकल्या. लंबूनं मान हलवली, बरोबर म्हणून. मान हलवताना त्याला स्वतःची किळस आली.

नंतर कपडे बदलण्याच्या खोल्यांबाहेरच्या बाकावर मावशी टॉवेलात गुरफटून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते. त्यांनी लंबूला शेजारी बसवलं.

"रागावलास ना, त्याला सांगितलं म्हणून?"

"नाही हो, मावशी."

"चल! सुतकी तोंड घेऊन फिरतोयस. अरे, मला बुडवायचं तर दंड हवेत. तुझ्या काटक्यांनी आपण दोघंही तळाला गेलो असतो." त्या हसल्या आणि पुन्हा खोकल्या. "पण भीती मला वेगळीच होती. म्हातारी कुडकुडतेय म्हणून तुम्ही सगळे दया कराल, अर्धवट झालं तरी गप्प बसाल. म्हणून मीच प्रमुखांना सांगितलं, बघायला लंबू हवा. तो तोंडदेखलं बोलायचा नाही. आणि बघ, बोललास की नाही?"

लंबूचं काही न बोलताही निभावलं असतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

"पाय बाहेर नव्हता, मावशी," तो म्हणाला. "पहिल्यांदाच पूर्ण झालं होतं. मी जळलो त्याच्यावर. खोटं बोललो."

मावशींनी टॉवेल गळ्याशी आवळला. त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"मला काय सांगतोस?" त्या म्हणाल्या. "मी दोनदा बुडले, वाळेन. तो पोरगा मघापासून आत आहे, बाहेर येत नाहीये. त्याला सांग जा."

लंबूनं दार ढकललं. गुबऱ्या ओल्या कपड्यांतच फरशीवर बसला होता. डोळे सुजले होते. लंबूला बघून तो धडपडत उठला.

"माफ कर रे," तो म्हणाला. "तुझ्या मावशी त्या. मी वाट लावली. तू असतास ना, तर एकदाच झालं असतं."

हेच, अगदी हेच वाक्य लंबूला तीन आठवडे कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्यानं दार लोटून घेतलं आणि गुबऱ्याला खाली बसवलं.

"ऐक," तो म्हणाला. "मध्ये बोलू नकोस."