कोण कापणार?

ताईने पिशवीतून घडी केलेला कागद काढला, काउंटरवर तळहाताने सपाट केला आणि त्याच्या शेजारी पहिलं पुस्तक मधोमध उघडून ठेवलं. मग ती दोन पावलं मागे सरकली आणि डोळे बारीक करून दोन्हींकडे बघू लागली. कोटाला अस्तर निवडताना ती असंच करायची. कापडाचा तुकडा एका बाजूला, अस्तर दुसऱ्या बाजूला आणि आपण जरा लांब. जवळून सगळीच कापडं एकमेकांना शोभतात.

"हे नाही," ती म्हणाली.

जुन्या पुस्तकांचा दुकानदार मघापासून हे बघत होता. आता त्याला राहवेना.

"अहो ताई, कॉम्प्युटरचं पुस्तक आहे हे. असं लांबून बघून कुणी घेतं का?"

"ओळी बघतेय. माझ्या कागदावर काही ओळी डावीकडे जागा सोडून सुरू होतात. दुमड घातल्यासारख्या. तुमच्या पुस्तकात सगळ्या एका रेषेत आहेत. हे वेगळं कापड आहे."

दुकानदाराने कागद आपल्याकडे वळवला.

"प्रोग्राम आहे हा. कुणी लिहिलाय?"

"माझ्या धाकट्या भावाने."

"मग त्यालाच विचारा की. पुस्तक कशाला?"

"विचारता आलं असतं तर इथे कशाला आले असते?"

दुकानदाराने कागद पुन्हा तिच्या बाजूला सरकवला आणि शिडीवर चढला. खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात आणखी चार पुस्तकं होती. एकात बोलणारी माकडं होती. एकाच्या पाठीवर सात दिवसांत सगळं शिकवण्याचं वचन होतं.

"सात दिवसांत तर बाही लावता येत नाही कुणाला," ती म्हणाली आणि ते बाजूला ठेवलं. तिसरं इतकं जाडजूड होतं की उशाला घ्यायच्या कामाचं.

"खरं सांगू?" दुकानदार म्हणाला. "ही पुस्तकं माझ्याकडे परत येतात ना, तेव्हा तिसऱ्या धड्यापर्यंत मळलेली असतात. पुढे कोरी करकरीत. मी स्वतः दुसऱ्याच धड्यात गारद झालो."

हे ऐकून तिने पुस्तकं मिटली आणि आडवी करून त्यांच्या कडा बघू लागली. जुना कोट दुरुस्तीला आला की ती आधी कोपर आणि कॉलर बघायची. माणूस कोट किती घालतो हे तिथे कळतं. चार पुस्तकांच्या कडा सुरुवातीला करड्या आणि पुढे पांढऱ्या होत्या. पाचवं बारकंसं होतं, कव्हर नसलेलं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. त्याची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी मळली होती. आत ओळी दुमडल्यासारख्याच होत्या. तिने पहिलं पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने कुणीतरी नाव लिहिलं होतं आणि ते वाचण्याआधी तिचा हात क्षणभर तसाच अधांतरी राहिला.

अक्षर भावाचं नव्हतं, दुसऱ्याच कुणाचं होतं. दुसऱ्या कुणाचं नसणार तर काय! ती स्वतःवरच चिडली.

"हे द्या."

"याला तर कव्हरसुद्धा नाही."

"नसू दे. कुणीतरी शेवटपर्यंत वापरलंय."

ताईचं दुकान शिवणकामाचं. कोट, झगे, मुलांचे गणवेश. शिवायला काका होते, तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचे; पण कापणी ताईची. तिच्या कात्रीचं नाव होतं. गिऱ्हाईक दारातून आत येताना ती त्याचं माप नजरेनेच घ्यायची आणि टेप नंतर फक्त खात्रीला लावायची, असं लोक सांगत. तिला ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार?

धाकट्याने तिच्यासाठी तो प्रोग्राम लिहिला होता. माप टाकायचं, कपडा कोणता ते टाकायचं, की किती कापड आणायला सांगायचं ते कळे. मध्ये एकच प्रश्न यायचा. 'कोण कापणार? १. ताई २. काका.' ती एक दाबायची. मग पडद्यावर उमटायचं, 'थांब, बघतो', आणि जरा वेळाने आकडा.

'थांब, बघतो' हे त्याचं स्वतःचं बोलणं. डबा उघडत नसो की दिवा लागत नसो, तो आधी हेच म्हणायचा. तो गेल्यावर दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी तिने सवयीने माप टाकलं, एक दाबलं, पडद्यावर ते दोन शब्द उमटले, आणि तिने मान वळवून मागच्या कपाटाकडे बघितलं. तिथे तो उभा राहायचा. तिथे आता फक्त कापडाचे गठ्ठे होते. वर्ष उलटलं तरी ती मान वळायची थांबली नव्हती. काकांनी ते बघितलं की ते उगाच मशीनला तेल घालायला लागत.

एवढंच असतं तर तिने ते सोसलं असतं. पण त्या प्रोग्राममध्ये एक चूक होती आणि ती चूक तिला खात होती.

वर्षापूर्वी हेडबाईंचा कोट शिवला होता. शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्या; सारं जग त्यांना हेडबाईच म्हणे. प्रोग्रामने अडीच मीटर सांगितलं, त्यांनी अडीच मीटर आणलं, महागातलं लोकरी. कोट झाला आणि पाव मीटर कापड उरलं. ताईने बोटांवर गणित केलं. सव्वादोनच लागत होतं. हेडबाईंनी तो तुकडा काउंटरवर उलगडला आणि भुवया वर केल्या.

"मशीन चुकतंय का हो तुमचं?"

ताईच्या नावाचा प्रश्न होता. ती पटकन बोलून गेली. "माझ्या धाकट्याचे उद्योग. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालाय. त्याला कापडातलं काय कळतंय?"

तो मागेच उभा होता, कपाटापाशी. त्याच्या हातात गठ्ठा होता, तो त्याने नीट जागेवर ठेवला.

"राहू दे ना पाव मीटर," तो म्हणाला. "लागतं कधी कधी."

आणि तो बाहेर गेला. पुढचे चार दिवस दोघं बोलली, पण कामापुरतं. पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या छातीत कळ आली.

तेव्हापासून हेडबाई दुकानात आल्या की सहज विचारायच्या, "सुधारलं का मशीन?" त्यांच्या मनात काही नसायचं. ताईला मात्र ते लागायचं. तो गेला, आणि त्याची चूक तेवढी मागे राहिली, लोकांना हसायला. दुरुस्तीवाल्याला तिने एकदा बोलावलं होतं. तो म्हणाला, हे जुनंपुराणं काढून टाकू, अर्ध्या तासात नवं तयार घालून देतो. तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. धाकट्याची शिवण उसवायचीच असेल तर ती आपण उसवू, दुसऱ्याची कात्री तिला लागू द्यायची नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असे. काका जेवून भिंतीला टेकून डुलकी काढत आणि ताई पुस्तक घेऊन कॉम्प्युटरपुढे बसे. अक्षर बारीक होतं. ती पुस्तक खिडकीशी नेई, पुन्हा आणी. पहिल्या धड्यात तिने मशीनकडून स्वतःचं नाव पडद्यावर लिहून घेतलं आणि काकांना उठवून दाखवलं.

"हे तर मी पण लिहितो," काका म्हणाले आणि पुन्हा झोपले.

दुसऱ्या धड्यात तिला धाकट्याच्या कागदावरची एक ओळ सापडली. मशीनला थांबायला सांगायची ओळ. कंसात दोन होतं, म्हणजे दोन सेकंद. पुस्तक म्हणत होतं की एवढासा हिशेब मशीन पापणी लवायच्या आत करतं. मग हा थांबत का होता? आणि तिला आठवलं. पहिल्यांदा त्याने प्रोग्राम दाखवला तेव्हा आकडा झटक्यात आला होता आणि तिने नाक मुरडलं होतं. "इतक्या लवकर आलेलं उत्तर खरं कसं असेल? जरा विचार तरी करू दे त्याला." तो खो खो हसला होता. दुसऱ्या दिवसापासून मशीन विचार करायला लागलं.

ताईही हसली. मग बराच वेळ तिने पान उलटलं नाही.

चौथा धडा 'इफ'चा होता. इफ म्हणजे जर. जर अमुक असेल, तर आत दुमडलेली ओळ चालवायची. नसेल तर सोडून पुढे जायचं. तिने पट्टी ठेवून कागद वरून खाली वाचला. पाव मीटर कुठेतरी चुकून बेरजेत शिरलं असणार. ते शोधायचं, खोडायचं, आणि झालं. एका ओळीवर पट्टी थांबली. जर कापणारा एक असेल, तर अधिक पंचवीस.

तिने पुन्हा वाचलं. कापणारा दोन असेल तर काही नव्हतं. पंचवीस सेंटिमीटर फक्त एकला होते.

एक म्हणजे ती.

ताई उठली आणि कापडी नमुन्यांचा खण उघडला. तिला पडद्यावरचं काही पटत नसे, म्हणून धाकटा प्रत्येक बदल कागदावर छापून तिला दाखवायचा आणि कोटाच्या नमुन्यात गुंडाळून ठेवायचा. तिने ते कागद कधी वाचले नव्हते. वर तारीख टाकायला मात्र लावली होती. नमुन्यावर तारीख हवीच हा तिचाच नियम. चार कागद होते. पहिल्यावर 'कोण कापणार' हा प्रश्नच नव्हता. दुसऱ्यावर प्रश्न होता आणि एकपुढे अधिक दहा. तारीख वकिलाच्या कोटाची बाही आखूड निघाली त्या आठवड्याची. तिने तेव्हा सगळं खापर काकांवर फोडलं होतं. तिसऱ्यावर पंधरा. त्याच महिन्यात त्याने कापायच्या टेबलावरचा दिवा बदलला होता, आपल्यालाच नीट दिसत नाही असं सांगून. चौथ्यावर, तिच्या कागदावर होते तसेच, पंचवीस. तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, एकदा डोळे दाखवून ये ना." आणि ती म्हणाली होती, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

तीन वाजले. काका उठले, तोंड धुतलं, मशीनवर बसले.

"काका," ती म्हणाली, "मी कापलेलं तुम्ही किती वेळा परत कापलंत?"

काकांचा पाय मशीनच्या पेडलवर तसाच राहिला.

"मोजलं नाही, ताई."

"मला का नाही सांगितलं?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, कापड मी जास्त मागवतो, तुम्ही फक्त निस्तरा. तिच्या कात्रीचं नाव आहे, ते राहू दे." काकांनी दोरा सुईत ओवला, पुन्हा काढला. "हेडबाईंच्या कोटाला काही निस्तरावं लागलं नाही. त्या दिवशी तुमचा हात बरोबर पडला होता."

म्हणून पाव मीटर उरलं होतं. एकदाच ती चुकली नव्हती आणि त्याच दिवशी तिने त्याला चारचौघांत चुकीचा ठरवलं होतं. एका वाक्यात तो तिचं तोंड बंद करू शकला असता. त्याने गठ्ठा नीट जागेवर ठेवला होता.

ताईने चारही कागद पुन्हा गुंडाळले. प्रोग्राममध्ये तिने काही खोडलं नाही.

आठवड्याने हेडबाई आल्या, नवं कापड घेऊन. कोट जुना झाला होता म्हणे.

"सुधारलं का हो तुमचं मशीन?"

काकांनी तेलाची कुपी उचलली.

"ते बिघडलंच नव्हतं," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा मोठाच लागला. "मी बिघडलेय, हेडबाई. माझी नजर गेलीय. मी कापताना चुकते, म्हणून तो माझ्यापुरतं पाव मीटर जास्त धरायचा. त्याला कापडातलं सगळं कळत होतं. त्या दिवशी मी वाटेल ते बोलले. तो ऐकत होता."

हेडबाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

ताई कॉम्प्युटरपुढे बसली. माप टाकलं. 'कोण कापणार?' तिचं बोट सवयीने एकवर गेलं. ते तिने उचललं आणि दोन दाबलं.

'थांब, बघतो.'

तिने या वेळी मान वळवली नाही. ती दोन सेकंद पडद्याकडेच बघत बसली. मग आकडा आला.

"सव्वादोन," ती म्हणाली.

"अगं बाई, मी तर मागच्यासारखं अडीच घेऊन आले!"

ताईने टेबलावरची मोठी कात्री मुठीकडून धरून काकांच्या पुढ्यात ठेवली. काकांनी ती उचलायच्या आधी हात पँटला पुसले.

"राहू दे पाव मीटर," ताई म्हणाली. "लागतं कधी कधी."