पंखा पाहुण्यांकडे फिरवला

मित्रांनो, मी एक जुना हीटसिंक आहे. हे नाव ऐकून तुमच्यापैकी निम्म्यांनी उगाच मान हलवली असेल आणि उरलेल्यांनी पान उलटायची तयारी केली असेल. थांबा जरा. मी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा, पाठीवर कंगव्यासारखे दात असलेला. यंत्रातला एखादा भाग तापला की त्याला चिकटून राहायचं, त्याची उष्णता आपल्या अंगावर घ्यायची आणि दातांमधून हवेत सोडायची, एवढंच माझं काम. मला हलता येत नाही, आवाज करता येत नाही, आणि माझ्या अंगावर रंगीत दिवेही नाहीत. त्यामुळे माझं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही आणि मीही ते मागायला गेलो नाही. पण जे घडलं ते मी विसरलेलो नाही. लोखंड असतो तर एव्हाना गंजून मोकळा झालो असतो. अ‍ॅल्युमिनियमला ती सोय नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा मी लोधिवलीच्या एका बेंजो पार्टीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये होतो. तेव्हा मी चांगला हातभर लांब होतो. हळदी, लग्नं, गणपतीच्या मिरवणुका, सगळीकडे मी गेलो, पण टेंपोत, ताडपत्रीखाली. बाहेर लोक बेंजो वाजवणाऱ्याला खांद्यावर घेऊन नाचायचे आणि आत मी चटके सोसत पडलेला असायचो. पुढे पार्टीनं नवा संच आणला आणि अ‍ॅम्प्लिफायरची रवानगी गोठ्यात झाली. तिथून मला आबाजींनी उचललं.

आबाजी भिवपुरीच्या वीजघरात वायरमन होते. निवृत्त झाल्यावर ते पोशीरला गावी येऊन राहिले. तापणाऱ्या वस्तूंशी त्यांचा जन्मभराचा संबंध, त्यामुळे माझी किंमत त्यांना न सांगता कळली. त्यांनी मला दोन वर्षं कपाटात जपून ठेवलं. मग एका दुपारी शेजारची प्रिया त्यांच्या ओट्यावर येऊन बसली, तोंड एवढंसं करून.

प्रिया तेवीस वर्षांची. कर्जत-खालापूरकडे डोंगराच्या पायथ्याला जी फार्महाऊसं उठतात ना, त्यांचे ती कॉम्प्युटरवर चलचित्रपट करायची. घर बांधलेलं नसतानाच गिऱ्हाइकाला त्यातून फिरवून आणायचं, असं ते काम. स्वतःच्या कमाईतून तिनं जुना कॉम्प्युटर घेतला होता, भाकरीच्या टोपलीएवढा. घरात जागा तेवढीच होती. तिचा धाकटा भाऊ किशोर कर्जतच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता, म्हणजे घरातला जाणकार तोच ठरलेला. तिचं काम लवकर उरकावं म्हणून त्यानं प्रोसेसर मूळ वेगापेक्षा जास्त पळवायला लावला होता. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही.

"पळतो चांगला, आबाजीकाका," प्रिया म्हणाली, "पन पंधरा मिंटांनी एकदम मरगळतो. किशोर म्हनतो प्रोसेसर तापलेला नाय."

आबाजी तिच्या घरी आले. कॉम्प्युटरची पेटी उघडून त्यांनी आतल्या मदरबोर्डावर बोट फिरवलं आणि चटका लागताच मागं घेतलं. प्रोसेसरच्या शेजारी डाळिंबाच्या दाण्याएवढे काळे चौकोन रांगेत बसलेले होते. प्रोसेसरला लागेल तेवढी वीज पुरवण्याचं काम त्यांच्याकडे. प्रोसेसर जास्त पळाला की त्यांना जास्त उपसावं लागतं. महागड्या बोर्डांवर त्यांच्या डोक्यावर हीटसिंक असतो. हा बोर्ड स्वस्तातला, ते बिचारे उघडेबोडके होते.

आबाजींनी मला हॅकसॉनं कापलं. हातभराचा मी चार बोटांचा झालो. दुखलं, पण बऱ्याच वर्षांनी कामाला लागत होतो, म्हणून हूं की चूं केलं नाही. त्यांनी मला उष्णता वाहणाऱ्या चिकटपट्टीनं त्या काळ्या दाण्यांवर बसवलं. प्रोसेसरवर वरून खाली फुंकणारा साधा पंखा होता. त्याचा वारा बोर्डावर आपटून चारी बाजूंना पसरायचा आणि उरलासुरला माझ्या वाट्याला यायचा. तेवढा मला पुरत होता.

"प्रिया, नीट ऐक," आबाजी म्हणाले. "हा हीटसिंक नुसता हाय म्हनून भागत नाय. त्याच्यावर वारा पायजे. हा पंखा कवा बदललास तर ह्याला वेगळा पंखा लाव. इसरू नको."

प्रिया विसरली नाही. पुढचे आठ महिने माझ्या आयुष्यातले बरे गेले. कॉम्प्युटर मरगळायचा थांबला. काम सुरू असताना ती अधूनमधून पेटीच्या अंगाला हात लावून बघायची. कर्जतच्या ऑफिसमधले साईराजसर तिच्यावर खूश होते. दिवाळीपासून तिला कायमचं घेतो म्हणाले, फक्त डोंगरपायथ्याच्या मोठ्या प्रकल्पाचं चलचित्र सोमवारी अकराला त्यांच्या हातात पडायला हवं. तिचे वडील वाल्मिक खोपोलीच्या एका कंपनीत होते. त्यांनी तिच्यासाठी तिथल्या पॅकिंग विभागात शब्द टाकून ठेवला होता.

"सायबाचं जमलं तर उत्तम," ते म्हणाले. "नाय तर दिवाळी झाली की बस धर. मी कुनाला किती दिवस थांबवू?"

तो सोमवार दसऱ्यानंतरच्या आठवड्यात येत होता. आणि दसऱ्याला घरात नवी वस्तू आणायची म्हणून किशोरनं काय आणलं, तर प्रोसेसर गार ठेवणारा पाण्याचा कूलर. दोन नळ्या, जाळीचं रेडिएटर आणि निळे-जांभळे दिवे. मुहूर्तावर त्यानं जुना पंखा काढला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर हा नवा थाट चढवला.

"अरं, आबाजीकाका म्हनले होते, हा पंखा काढला तर त्या हीटसिंकला वेगळा लावायचा," प्रिया म्हणाली.

"ते वायरमन, ताई. ह्याच्यात पानी फिरतं. बघ आकडा." स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं, छप्पन्न. पूर्वी ते ऐंशीपर्यंत जायचं. "आता तर स्पीड आनखी एक पायरी वर न्हेतो."

आणि नेला. प्रोसेसर पाण्यात डुंबल्यासारखा गार आणि माझ्या खालचे दाणे दुप्पट राबायला लागलेले. माझ्यावरचा वारा मात्र बंद. त्या स्वस्त बोर्डावर माझं तापमान सांगणारा आकडाच नव्हता. मित्रांनो, माझा राग पाण्याच्या कूलरवर नाही. त्यानं त्याचं काम चोख केलं. पण ज्याचा आकडा दिसत नाही तो सुखातच असणार, हे कुणी ठरवलं?

खंडेनवमीला आई सुनंदानं विळा, कोयता, शिवणयंत्र यांच्याबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं होतं आणि झेंडूची जाड माळ पेटीच्या बाजूच्या झडपेला बांधली होती. ती नेमकी माझ्या बाजूला हवेसाठी असलेल्या जाळीवर आली. प्रिया ती सोडायला गेली तेव्हा सुनंदा म्हणाली, "दसऱ्याची माळ हातानं काढू नये गं. आपसूक सुकून पडंल." गाडीवरची माळ पार पाचोळा होऊन गळेपर्यंत लोक ठेवतात, तशीच ही. प्रियानं आईचं मन मोडलं नाही.

तिनं आपल्यापरीनं वाट काढली. रविवारी सकाळी काम सुरू केलं तेव्हा पेटीची बाजूची झडप माळेसकट उचलून खाली ठेवली आणि घरातला एकुलता टेबलफॅन स्टुलावर ठेवून माझ्याकडे वळवला. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. ती स्वतः घामानं निथळत बसली होती, पण फॅन माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी स्वतःच्या तोंडचा वारा मला दिला. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. एक वाजेपर्यंत तीन भाग काम झालं, एक भाग राहिला.

तेवढ्यात किशोरचे चार मित्र आले. कूलरचे दिवे बघायला.

"प्रिया, चहा टाक गं," सुनंदानं आतून हाक मारली. "आनि किशोर, पोरं पार नेरळपासून उन्हातनं आली रं. फॅन तिकडं फिरव."

आपल्याकडे पाहुणा आला की पंखा त्याच्याकडे वळतो. त्यात विचार करण्यासारखं काही असतं असं कुणाला वाटतच नाही. प्रिया चहाचं आधण ठेवून दारात आली आणि म्हणाली, "फॅन नको काढू रं, काम चालू हाय."

"पाचच मिंटं, ताई. घामाघूम झालेत ते."

"अगं, पाव्हन्यांपुढं काय हे?" सुनंदा हळूच म्हणाली. प्रिया आत गेली.

फॅन वळला. मग एकाला फोटो काढायचा होता. उघडी पेटी फोटोत बरी दिसेना, म्हणून किशोरनं झडप बसवली आणि माळ नीटनेटकी केली. दिवे झळकत होते. स्क्रीनवर आकडा सत्तावन्न. मित्र म्हणाले, "एक नंबर, भावा." माझ्या दातांमधली हवा थिजून बसली होती. मी घेतली तेवढी उष्णता घेतली, मित्रांनो. माझ्या अंगात आणखी जागा नव्हती. चिकटपट्टी मऊ पडून मी एका कडेनं सुटलो आणि माझ्या खालचा मधला दाणा फुटला. फार मोठा आवाज झाला नाही. दिवे विझले आणि जळका वास सुटला. प्रिया चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. तिनं ट्रे आधी पाहुण्यांसमोर नीट ठेवला.

डिस्क वाचली होती. ती घेऊन प्रिया नेरळला गेली. एका दुकानाला रविवारचं कुलूप, दुसऱ्यातल्या यंत्रानं उरलेल्या कामाला बुधवार लागेल असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं साईराजसरांना फोन लावला. सर चिडले नाहीत. "अगं, पार्टी मुंबईहून निघालीय. आज नकाशावर भागवतो, उरलेलं दुसऱ्याकडून करून घेतो. मनाला लावून घेऊ नको." दिवाळीपासून त्या खुर्चीवर तो दुसराच बसला.

घरात खापर कुणावर फुटलं, ते सांगायला हवं का? "प्रोसेसर तर गार व्हता," किशोर म्हणाला. "हिनंच सकाळपासनं एकसारखा रेटला." वाल्मिक म्हणाले, "यंत्राला पन इसावा लागतो." फॅन फिरवायला सांगणारी सुनंदा मूग गिळून बसली, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

दिवाळीच्या फराळाला आबाजी आले. जळलेला बोर्ड त्यांनी हातात घेतला आणि मला बोटानं हलवून पाहिलं. मी सहज निघून आलो.

"पंखा कुनी काढला?" त्यांनी विचारलं. "मी सांगून ठिवलं व्हतं."

किशोर फोनमधून मान वर न करता म्हणाला, "मला नव्हतं सांगितलं, काका. तुमी ताईला सांगितलं व्हतं."

आबाजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि लाडू ताटलीत परत ठेवला. "मंग तिनं तुला नव्हतं सांगितलं का?"

पुढं नवा कॉम्प्युटर आला, किशोरच्या शिक्षणासाठी. पाण्याचा कूलर त्यावर चढला. मी खिळ्यांच्या डब्यात पडलो, आजही तिथंच आहे. प्रिया सकाळी साडेसहाच्या बसनं कंपनीत जाते आणि आठ तास उभ्यानं खोकी चिकटवते. परवा सुनंदा तिला म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी तू पन बसत जा गं त्या कॉम्प्युटरवर. घरचाच हाय."

प्रिया म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी धुनं असतं, आई."

मित्रांनो, आम्हा आत्मवृत्त सांगणाऱ्यांनी शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. माझ्यासाठी मी काही मागत नाही, मला खिळ्यांची सवय झाली आहे. पण तुमच्या घरात कुणी म्हणालं की इथं तापतंय, तर स्क्रीन दाखवून तिला गप्प करू नका. उठा आणि ती म्हणते तिथं स्वतःचा हात लावून बघा. आमच्या घरात पाच पोरं पंख्यासमोर बसली होती. त्यांच्यातलं एकही उठलं नाही.