हातातल्या चपला

लीलाबाई अंगणातून येत असली की घरातल्यांना ती दिसायच्या आधी ऐकू यायची. चट्, चट्, मग लुगडं जमिनीवरून ओढल्याची खसखस, पुन्हा चट्, चट्. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय काडीसारखे झाले होते. ती हातांवर चालायची आणि हातात निळ्या रबरी चपला घालायची. बुद्धविहारातून लोकांच्या चपला चोरीला जात, तेव्हा ती दोन्ही हात वर करून दाखवायची, "माह्या नेऊन दाखवा म्हणा."

गोंदियाजवळचं फुलचूर गाव मागे पडून जिथे धानाच्या बांध्या सुरू होतात, तिथे तिचं घर होतं. नवरा सेवकराम राईस मिलमध्ये पोती उचलायचा. मुलगी साक्षी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करून गोंदियात रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. घरामागची वाडी मात्र लीलाबाईची. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं ती बसूनच लावायची, बसूनच तोडायची, आणि टोपली ऑटोत चढवून स्वतः मागून हातांवर चढायची. ऑटोवाल्याने मदतीला हात पुढे केला तर म्हणायची, "माणसाले नको धरू बापा, टोपलीले धर."

रोवण्याच्या दिवसांत बाकीच्या बायका कमरेत वाकून रोपं लावत. ती चिखलातच बसे आणि मागे मागे सरकत ओळ पुरी करी. संध्याकाळी बायका कंबर धरून घरी निघाल्या की लीलाबाई त्यांना चिडवायची. झाडीपट्टीचं नाटक जवळपास कुठेही असो, ती पहिल्या रांगेच्याही पुढे बसणार. मागे बसवलं तर भांडायची, कारण मागून तिला लोकांच्या पाठीच दिसत. खलनायकाला ती बसल्या जागेवरून शिव्या द्यायची, आणि एकदा तर तिच्या शिवीवर नटच संवाद विसरला होता.

ही बाई आयुष्यात कुणापासून लपली नव्हती. लपली ती एकाच दिवशी.

त्या रविवारी साक्षीला पाहायला पाहुणे येणार होते. स्थळ सेवकरामच्या बहिणीने, म्हणजे साक्षीच्या आत्याने आणलं होतं. मुलगा विवेक गोंदियात वीज खात्यात नोकरीला. वडील शालीकराम निवृत्त मुख्याध्यापक, बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमांत माणसाच्या प्रतिष्ठेवर भाषणं देणारे. आत्या सकाळीच येऊन पोहे भिजवत होती. खुर्च्या पुसून झाल्यावर तिने मुद्द्याचं बोलून टाकलं. वहिनीने आज मागच्या कोठ्यात, गाईच्या गोठ्यात बसावं.

आपल्याकडे ही काही कुठे लिहिलेली चाल नाही, त्यामुळे ती मोडायची असते हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. पाहुणे यायचे असले की भिंतीचा पोपडा कॅलेंडरने झाकतात, तसं घरातलं माणूसही झाकतात. कुणाचा मंदबुद्धी भाऊ त्या दिवशी मामाकडे जातो, कुणाची आंधळी आजी शेजारच्या स्वयंपाकघरात बसते. लग्न झालं की ही माणसं परत घरी येतात. कुणी माफी मागत नाही आणि कुणी मागायला लावत नाही.

साक्षी संतापली. पोलिओ विषाणूने होतो, तो रक्तातून उतरत नाही, हे पाहुण्यांना मी स्वतः समजावून सांगते, असं ती म्हणाली.

"पाहुणे चहा प्यायले येऊन राहिले पोरी, लेक्चर आयकाले नाही," आत्या म्हणाली. "दोन जागा तुह्या मायले पाहूनच परत गेल्या. आता तिसरी बी घालवतं का?"

साक्षीने बापाकडे पाहिलं. सेवकराम आधीच पुसलेली खुर्ची पुन्हा पुसत होता.

शेवटी बोलली ती लीलाबाई. सांबार निवडता निवडता म्हणाली, "एका दिवसाचं त हाये. मी बसतो कोठ्यात. तू पोराले नीट पाहून घेजो. बैल घेताना पायतेत तसे दात पाहजो." सगळे हसले. सगळ्यांना हसू आलं म्हणूनच तो बेत पार पडला, नाही तर कदाचित पडला नसता.

कोठ्याच्या दाराशी आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली. "वहिनी, चपला काढून बस. इकडं तिकडं सरकतं त लय आवाज जाते."

लीलाबाईने चपला काढून आतच बाजूला ठेवल्या. आत नवं तणस, धानाचा वाळका पेंढा, भरलेलं होतं. आत्याने तिला एक पोतं अंथरून दिलं, पाण्याची बाटली दिली आणि बाहेरून कडी लावली.

पाहुणे वेळेवर आले. शालीकराम, त्यांची बायको आणि विवेक. बुद्धाच्या नि बाबासाहेबांच्या तसबिरींना त्यांनी हात जोडले. शालीकरामांनी हुंड्याची भाषा करायची नाही असं आधीच सांगून टाकलं, आणि सेवकरामला बरं वाटलं. मुलीची आई कुठे आहे, असं विवेकच्या आईने विचारलं तेव्हा आत्याने तयार ठेवलेलं उत्तर दिलं. वहिनीचा भाऊ सालेकसाला असतो, तो आजारी आहे, म्हणून तिला अचानक जावं लागलं. पाहुण्यांनी माना हलवल्या. घरात आणखी कोण कोण असतं, असं मग आत्याने विचारलं. आम्ही तिघंच, असं शालीकराम म्हणाले. विवेकने त्या वेळी पाण्याचा पेला उचलला होता. तो त्याने बराच वेळ तोंडाला लावून ठेवला.

कोठ्यात लीलाबाईची पाण्याची बाटली कलंडून तणसाकडे गेली. ती तळहातावर रेटून पुढे सरकली आणि तणसात हात घातला. चपलेचा जाड रबरी तळ एरवी तिच्या तळव्याखाली असायचा. आज हात उघडा होता. तणसात दडलेला नाग अंगठ्याच्या खाली डसला.

तेवढ्यात शालीकरामांना वाडी पाहायची हुक्की आली. सगळे मागच्या दाराने बाहेर आले आणि कोठ्याच्या कुडाला लागून उभे राहिले. आतल्या लीलाबाईला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

"वांगी त गजब लागली. कोणाची मेहनत?" शालीकरामांनी विचारलं.

"माह्या भावाची," आत्या म्हणाली. "मिलमधून आला का इथंच रायते."

सेवकरामने वांग्यांकडे पाहिलं.

लीलाबाईने चप्पल उचलली आणि जमिनीवर एकदा मारली. चट्.

"वासरू हाये," आत्या म्हणाली.

वासरू नव्हतं, हे साक्षीला कळलं. नाटकात आवडता नट आला की आई अशीच चप्पल आपटायची. पोरगा पसंत पडला वाटतं, असं साक्षीच्या मनात आलं आणि ती खुदकन हसली. विवेकला वाटलं ती त्याच्याकडे पाहून हसली, म्हणून तोही हसला. आत लीलाबाईने दुसऱ्यांदा चप्पल उचलली होती. मग मुलीचं हसणं तिला ऐकू आलं असावं. तिने चप्पल हळूच खाली ठेवली.

पाहुण्यांना पिशवीभर वांगी बांधून दिली. ते गेल्यावर साक्षी धावत कोठ्याकडे गेली. पसंती झाल्याचं आईला पहिल्यांदा तिलाच सांगायचं होतं. लीलाबाई भिंतीला टेकून बसली होती. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या, तोंडातून लाळ गळत होती. नागाच्या विषाची ही लक्षणं साक्षीने पुस्तकात वाचलेली होती, त्यामुळे तिला विचारायची गरज पडली नाही. लीलाबाई जड जिभेने एवढंच म्हणाली, "गेले का थे?"

नागाच्या विषावरची लस गोंदियात होती. रोज टोपली घेऊन लीलाबाई ऑटोने जायची तेवढ्याच अंतरावर. औषध नव्हतं, रस्ता नव्हता, गाडी नव्हती, असं यातलं काहीच म्हणता येत नाही. वेळ तेवढा पाहुण्यांना दिला गेला होता. ऑटो दवाखान्याच्या फाटकात शिरला तेव्हा साक्षीच्या मांडीवर आईचा श्वास थांबलेला होता.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी अंगणात मंडप पडला. शालीकराम, त्यांची बायको आणि विवेक आले. आत्याने त्यांना सांगून ठेवलं होतं की वहिनी त्याच संध्याकाळी सालेकसाहून परत आली आणि गाईला तणस घालताना साप चावला. पायांचा विषय काढू नका, असं तिने घरोघरी जाऊन विनवलं होतं. गावाने ते मानलं. बहुतेकांच्या घरी मुली होत्या, आणि बहुतेकांनी कधी ना कधी असा कोठा वापरलेला होता.

ओळखपत्रावरचा लीलाबाईचा चेहरा मोठा करून फ्रेम केला होता. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. लीलाबाई कष्टाळू होती, मायाळू होती, कुणाला रिकाम्या हाती पाठवत नव्हती. साक्षी ऐकत होती. कुणी चिखलात बसून केलेल्या रोवण्याबद्दल बोललं नाही, नाटकातल्या जागेवरून झालेल्या भांडणांबद्दल बोललं नाही. ही बाई कुणाचीही आई असू शकली असती. आपल्या आईला दुसऱ्यांदा आत टाकून बाहेरून कडी लावली जाते आहे, असं साक्षीला वाटलं.

ती उठली, कोठ्यात गेली आणि त्या निळ्या चपला घेऊन आली. फुलांच्या पुढे, फोटोसमोर तिने त्या ठेवल्या.

"काऊन वं, मेलेल्या माणसापुढं चपला?" आत्या झटकन उठली.

"हात नोको लावू आत्या," साक्षी म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आत्या खाली बसली.

मग साक्षीने सगळं सांगितलं. लहानपणीच्या पोलिओमुळे आई हातांवर चालत होती. ती सालेकसाला गेली नव्हती. तुम्ही वांगी पाहत होता तेव्हा ती कुडाच्या पलीकडे होती, आणि साप तिला तेव्हाच चावलेला होता. वांगी तिची होती. चप्पल वाजली ती तिनेच वाजवली होती आणि मी हसले होते. साक्षी रडली नाही, प्रयोगशाळेत निष्कर्ष वाचावेत तशी एकेक गोष्ट सांगत गेली. सेवकरामने मात्र गुडघ्यात डोकं घातलं.

शालीकराम उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय होती.

"बेटा, फार वाईट झालं. पण तुम्ही आम्हाला सांगायला पाहिजे होतं. आम्ही शिकलेली माणसं आहोत. पोलिओ काही आनुवंशिक नसतो. आम्ही समजून घेतलं असतं."

लोकांनी माना डोलावल्या. त्या सकाळी साक्षीनेही आत्याला हेच सांगितलं होतं. तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला त्यात काय सडलेलं आहे ते पहिल्यांदा दिसलं.

"आणि आनुवंशिक असता तर?" तिने विचारलं. "मग कोठ्यात टाकणं बरोबर झालं असतं का, गुरुजी?"

शालीकराम खाली बसले. त्यांची बायको पदराशी चाळा करू लागली. प्रश्न साधा होता, आणि एवढं बोलणाऱ्या माणसाला त्याचं उत्तर का येत नाही हे मंडपातल्या कुणालाच कळेना.

विवेक उठला. "मला एक बहीण आहे," तो म्हणाला. "आचल. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. त्या दिवशी आम्ही तिला आणलं नाही. आजही नाही."

"विवेक, खाली बस," त्याची आई पुटपुटली.

तो बसला नाही.

"आता कुठं हाये थे?" साक्षीने विचारलं.

"घरी."

"कोण हाये तिच्याजवळ?"

विवेकने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "कोणी नाही. बाहेरून कुलूप लावलं आहे. ती रस्त्यावर येते म्हणून."

रागापेक्षा साक्षीला थकवा जास्त आला होता. कोठ्याच्या कुडाच्या एका बाजूला आई होती आणि दुसऱ्या बाजूला ही तीन माणसं होती. मागे घरात कोंडलेली आपली मुलगी विसरून ती तिघं वांगी पाहत उभी होती.

"मंग इथं कायले बसून राहिले तुम्ही?" ती म्हणाली. "आतून हाक मारली त कोणाले आयकू जाईल? जा. कुलूप काढा."

लग्नाचं काय, असं आत्याने मागून विचारलं. साक्षीने वळूनही पाहिलं नाही. जिथे माझ्या आईला आणि आचलला पुढच्या खोलीत जागा नाही, तिथे मलाही नको, एवढं ती म्हणाली. विवेकने गाडीची किल्ली काढली. तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्याच्यामागे त्याची आईही उठली, चपला न घालताच.

शालीकराम तेवढे बसून राहिले. वाढपी जेवण वाढू का म्हणून विचारून गेला. गावातले लोक एकमेकांकडे बघायचं टाळत होते, कारण प्रत्येकाला शेजाऱ्याचा कोठा ठाऊक होता. फोटोतली लीलाबाई गळ्यापर्यंतच होती. बाकीची ती, समोर ठेवलेल्या दोन निळ्या चपलांत होती. त्यांचे तळ तळहाताच्या आकाराने झिजले होते, आणि संध्याकाळपर्यंत त्या तिथून उचलायची कुणाची हिंमत झाली नाही.