टाकीच्या तोंडाशी

जुन्या टायरचा चुरा डांबरात शिजवला की रस्ता लवकर तडकत नाही, हे मला नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं. बिचाऱ्याला दुसरं काही बोलायला सुचलं नसावं. पुढे मीही त्याच कारखान्यात लागले. चुऱ्यातून तारांचे तुकडे वेचायचे आणि पोती टाकीपर्यंत पोचवायची, हे माझं काम. टाकी नवऱ्याकडे, आणि त्याच्या हाताखाली माझा धाकटा भाऊ. "मेव्हणेबुवा, बहीण दिलीत, आता थोडा घामही द्या," असं नवरा त्याला चिडवायचा. दोघांचं छान जमायचं.

टाकीतलं ढवळायचं पातं सतत फिरत राहावं लागतं. ते थांबलं की रबर तळाशी बसतं आणि त्याचा चिवट थर होतो. एके दिवशी पात्याची मोटर जळली. मुकादमाने डांबर काढून घेतलं, टाकी निवू दिली आणि दुसऱ्या दिवशी तळ खरवडायला नवऱ्याला आत उतरवलं. नवऱ्याने हवेसाठी पंखा मागितला, तर मुकादम म्हणतो कसा, "पंखा कशाला? आत काय झोपायचंय तुला?" मेल्याच्या जिभेला हाड नाही.

टाकीचा नियम एकच. खालच्याच्या कमरेला दोर, दुसरं टोक वरच्याच्या हातात, आणि काहीही झालं तरी वरच्याने आत उतरायचं नाही. आत वायू साचलेला असतो, मागून उतरणाराही तिथेच आडवा होतो. हे भावाला शिकवलं होतं नवऱ्यानेच, अगदी कान पिळून. पण दोर डांबरात लडबडतो, पायांत येतो, म्हणून नवऱ्याने, त्या शहाण्याने, आत गेल्यावर तो कमरेचा सोडून ठेवला. वर कोणाला सांगितलंही नाही.

मी पोतं घेऊन पोचले तेव्हा भाऊ टाकीच्या तोंडात वाकून हाका मारत होता. "भाऊजी! अहो भाऊजी, ओ द्या ना!" खरवडण्याचा आवाज बंद झाला होता. त्याने दोर ओढला, तर नुसतं काळं टोक वर आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि एक पाय आत टाकला.

मी पोतं टाकून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागे खेचलं.

"ताई, सोड! भाऊजी आत आहेत, सोड मला!"

त्याचं कोपर तोंडावर बसून माझा ओठ फाटला. मी सोडलं नाही. पंखा आणा, माणसं बोलवा, म्हणून मी घसा फोडत होते. पंखा आला, माणसं आली, नवऱ्याला वर काढलं. चेहऱ्यावर साधं खरचटलंही नव्हतं, पण जीव केव्हाच गेला होता.

आता टाकीला दोन पंखे लावलेत. बैल गेला नि झोपा केला. आमच्या डांबराचा रस्ताही झाला. टाकाऊ टायरचं सोनं झालं, असं मोठे साहेब भाषणात म्हणाले, आणि मुकादमाने पुढे बसून टाळ्या वाजवल्या.

भाऊ माझ्याशी बोलत नाही. त्याला जिवंत ठेवलं, हाच माझा गुन्हा. मला त्याचं फार वाईट वाटतं, पण पस्तावा नाही. तो उतरला असता तर दोघंही गेले असते, हे डॉक्टरही म्हणाले. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा धरीन.

सासूबाई मात्र या विषयावर कधी बोलल्या नव्हत्या. काल मी भांडी घासत होते आणि त्या शेजारी बसून पुसत होत्या. त्या आपणहून म्हणाल्या, "भावाला धरलंस ते बरोबरच केलंस हो. एकापायी दुसरा कशाला?"

इतक्या दिवसांत हे मला घरातल्या कोणी म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "खाली तुझा भाऊ असता आणि वर माझा मुलगा, तर त्यालाही असंच धरून ठेवलं असतंस?"

"ठेवलं असतं, आई," मी म्हणाले. पण म्हणण्याआधी मी थांबले होते, आणि त्या माझ्याकडेच बघत होत्या.