पान त्र्याहत्तरवरची भिंत

प्रकाशनाच्या कचेरीत त्याला सगळे चौकट म्हणत. पुस्तकाची पानं लावणं हे त्याचं काम. मजकूर कुठे, चित्र कुठे, समास किती सोडायचा, हे तो ठरवायचा. बावीस वर्षांत त्याने चारेकशे पुस्तकं लावली होती आणि त्यातलं एकही वाचलं नव्हतं. वाचत बसलं की काम होत नाही, असं तो म्हणे, आणि त्याचं काम खरोखरच फार व्हायचं.

त्याचा एक नियम होता. चित्राचं तोंड नेहमी पानाच्या आत हवं. पानाबाहेर बघणारी बाई, पानाबाहेर उतरणारा जिना त्याला खपत नसे. असं काही दिसलं की तो चित्र आरशात दिसावं तसं उलटं करून टाकी. लेखकांच्या ते कधी लक्षात येत नसे, कारण लेखक फक्त स्वतःचं नाव नीट छापलंय ना ते बघतात.

सकाळी अकराला ताईचा फोन आला. मागे ठकठक चालू होती.

"ऐक रे! तुमच्या त्या घरबांधणीच्या पुस्तकात आमच्या वसाहतीतल्या घराचा नकाशा आहे. पान त्र्याहत्तर. अगदी आमचंच घर, एका ओळीत तीन खोल्या! आणि स्वयंपाकघराची भिंत पाडा म्हणून तुटक रेघ मारलीये. बावीस वर्षं भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या, आता पुरे. मिस्त्री आलेत."

"बरं झालं," चौकट म्हणाला आणि फोन ठेवला.

मग त्याचा हात टेबलावरच थांबला. पान त्र्याहत्तर. नकाशातला जिना पानाबाहेर पळत होता, म्हणून त्याने नकाशा उलटा केला होता. उलटा केल्यावर खोल्यांची नावंही उलटी दिसायला लागली. ती पुसून त्याने नव्याने टाकली होती, मूळ चित्र शेजारी ठेवून, ज्या बाजूला होती त्याच बाजूला.

म्हणजे भिंती फिरल्या होत्या आणि नावं जागच्या जागी राहिली होती.

त्याने खणातून मूळ नकाशा ओढून काढला. तुटक रेघ झोपायच्या खोलीकडे होती. स्वयंपाकघराकडची रेघ जाड, ठसठशीत काळी, आणि तिच्याशेजारी वास्तुरचनाकाराने बारीक अक्षरात लिहिलं होतं: छताचा आणि वरच्या टाकीचा भार या भिंतीवर. ही ओळ पानात मावत नव्हती, म्हणून चौकटने काढून टाकली होती.

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. घणाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार! शिपायाची स्कूटर न विचारताच घेऊन तो निघाला. एरवी सिग्नलला पुढच्या गाडीची नंबरपाटी मध्यभागी आहे की नाही हे बघणारा माणूस, आज त्याला सिग्नलच दिसला नाही.

ताईच्या दारात पोचला तेव्हा भिंतीला वरच्या बाजूला परातीएवढं भोक पडलं होतं. मिस्त्री लाकडी घोडीवर उभे होते. ताई पलीकडून, बरोबर त्या भोकाखाली, डबे काढत होती.

"थांबा!" चौकट ओरडला. "परवानगी लागते याला!"

"काढलीये," ताई भोकातून म्हणाली. "तुझे भावजी दोन खेपा घालून आले. मिस्त्री, चालू द्या."

ठक.

"ताई, तू आधी बाहेर ये. छापखान्यात काहीतरी गोंधळ झालाय."

"गेल्या महिन्यात तर म्हणालास, तुझ्या हाताखालून चुकीचं पान जाऊच शकत नाही. जेवताना म्हणालास. दोनदा."

ठक. छतातून चुन्याची पूड ताईच्या केसांवर पडली. तिने ती झटकली.

"लेखकाचीच चूक असेल," चौकट म्हणाला. "हे लोक काय, काहीही काढतात..."

"मी काही करायला घेतलं की तुझा खोडा ठरलेला," ताई म्हणाली. "शिवणाचा क्लास काढला तेव्हाही हेच. एवढं जाडजूड पुस्तक खोटं आणि तू तेवढा खरा?"

मिस्त्रींनी घण उचलला. चौकटला छतात केसाएवढी एक रेष दिसली. बावीस वर्षं रेषा बघणाऱ्या माणसाला ही रेष ताजी आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"मी चुकलोय!" तो म्हणाला. "पुस्तक मीच बिघडवलंय. नकाशा मी उलटा केला, दिसायला बरा दिसावा म्हणून. पाडायची भिंत ती पलीकडची. हिच्यावर टाकी आहे, ताई. बाहेर ये!"

घण हवेतच राहिला. मिस्त्रींनी तो हळूच खाली घेतला.

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं ताईंना, भिंत नऊ इंची लागतेय. ताई म्हणाल्या, पुस्तकात बारीक आहे."

ताई डबा हातात घेऊन बाहेर अंगणात आली. मिस्त्रींनी गच्चीवर जाऊन टाकीचा नळ सोडला, पाणी धबाधबा खाली येऊ लागलं. मग त्यांनी दोन टेकू आणून छताखाली ठोकून बसवले. रेष तिथेच थांबली.

"आता धोका नाही," मिस्त्री म्हणाले. "भोक आजच बुजवतो. बाकी, ही पुस्तकं किती खपली?"

"दोन हजार."

"आणि या वसाहतीत अशी घरं एकशेवीस," ताई म्हणाली. "उभा काय राहिलायस? लाव फोन."

चौकटने प्रकाशकांना फोन लावला. "साहेब, छापखान्यात..." म्हणेपर्यंत त्याला केसांत चुना घेऊन समोर उभी असलेली ताई दिसली. "नाही साहेब. मी. पान त्र्याहत्तर मी चुकीचं लावलंय. त्यात पाडायला सांगितलेली भिंत पाडली तर छत खाली येईल."

"कुणाच्या लक्षात आलंय?" साहेबांनी विचारलं.

"अजून तरी फक्त छताच्या."

"मग पुढच्या आवृत्तीत बघू. उगाच गाजावाजा नको."

"पुढची आवृत्ती निघेपर्यंत छतं वाट बघत नाहीत, साहेब. सगळ्या दुकानांना आत्ता कळवायला हवं. उद्याच्या वर्तमानपत्रात द्या. माझ्या नावाने द्या, खऱ्या नावाने."

चौकट कामावरून जाणार की राहणार, याचा हिशेब पलीकडे चालला असावा. ताईने हात पुढे केला आणि फोन त्याच्या हातून काढून घेतला.

"मी याची मोठी बहीण बोलतेय," ती म्हणाली. "घरात टेकू लावून उभी आहे. मजकूर मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. पेन आहे का?"