सोमजाईच्या कपाळीचा चंद्र

शरद आला होता. निवळखोलच्या खाडीवर आकाश निळेभोर, धुतलेले, निथळलेले. डोंगराच्या पदरावर भात सोनपिवळे झालेले. आणि पूर्वेच्या कड्यामागे, न उगवलेल्या पूर्णचंद्राची चाहूल असावी तशी एक मोतिया, मंद, हळवी आभा.

त्या आभेला सामोरी, देवळात, गावदेवी सोमजाई उभी होती. कृष्णशिलेची, विशालनेत्रा, मौनगंभीर. तिच्या कपाळी चंद्र वाढत असे, तिच्या कपाळी चंद्र झिजत असे. शुद्ध प्रतिपदेला गंधकुंकवाची नखभर रेघ. रोज सांजेला ती कलेकलेने रुंदावे, आणि पौर्णिमेला ललाटभर आरक्त बिंब फुले. मग वद्यात ते तसेच ओसरे, ओसरे, आणि अवसेला आईचे कपाळ धुऊन कोरे ठेवीत.

हा चंद्र रेखायचा मान गुरवाघरच्या बाईचा. द्वारका त्या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूने तिची अनामिका धरून गंधात बुडवली होती, आणि पहिल्याच अवसेला, कोऱ्या कपाळासमोर बावरलेल्या सुनेला हळूच सांगितले होते, "घाबरू नको गो. हे कपाळ रितं नाही. पंधरा कळा लोकांना दिसतात. सोळावी आई पोटात ठेवते. ती वाढत नाही, आणि झिजतही नाही."

तेव्हापासून द्वारकेचे बोट आणि आकाशीचे बिंब, दोघे जोडीने वाढले, जोडीने झिजले. त्या बोटाला चंद्राची वळणे अशी अंगवळणी पडली होती की ढगाळ आषाढातही तिथीची चूक होत नसे.

वैशाखात तिचा नवरा सदाशिव गुरव गेला. तेराव्याला गावचे मानकरी विठोजी सुर्वे ओसरीवर टेकले आणि सुपारी कातरता कातरता म्हणाले, "विधवेच्या हातचं कुंकू आईच्या कपाळी नको. यापुढं वासुदेव बघेल."

वासुदेव हा तिचा धाकटा दीर, बायको नसलेला. द्वारकेने मान खाली घातली. गंध मात्र तीच उगाळत राहिली. देवळाच्या मागच्या पडवीत, सहाणेवर, गोल गोल, मुकाट. तिने उगाळलेले गंध चालत होते. तिचे बोट चालत नव्हते.

आज कोजागरी. आवारात चुलाण पेटले होते. कढईत दूध उकळत होते, केशरगंधी, सायीने जडावलेले. माणसे वाट पाहत होती, की कड्यावर चंद्र यावा, आईच्या कपाळी चंद्र यावा, आणि मग दूध वाटले जावे. द्वारका गंधाची वाटी घेऊन गाभाऱ्याच्या बाजूच्या दाराशी आली, आणि वाटी उंबऱ्याच्या आत सरकवून, रीतीप्रमाणे बाहेर थांबली.

वासुदेव आत आला. गालात तंबाखूचा बार, ओठांच्या कडांना चुन्याची पांढरी पुटे. त्याने वाटीत कुंकू कालवले. मिश्रण कोरडे झाले, घट्ट झाले. पाण्याची कळशी चार पावलांवर होती.

तेवढीही पावले त्याने टाकली नाहीत. अंगठा तोंडात घातला, जिभेवर फिरवला, बाहेर काढला. आणि तो लाळेने चकाकणारा तपकिरी अंगठा कुंकवात बुडवून त्याने आईच्या कपाळी टेकवला.

द्वारकेने पाहिले.

पलीकडे उभ्या असलेल्या सुर्व्यांनीही पाहिले. पाहिले, आणि मान वळवून घंटेकडे बघू लागले.

कपाळावरून एक ओघळ निघाला. पातळ, चिकट, मळकट. भुवईवरून उतरला, विशाल नेत्राच्या कडेशी थांबला, आणि तिथे थेंब होऊन लोंबू लागला. बाहेर कुणीतरी भक्तिभावाने म्हणाले, "वा! काय बिंब साजरं दिसतंय!"

दुधाचा गोडसर वास, तंबाखूचा कुबट वास, उदबत्तीचा दाट वास, सगळे एकमेकांत कालवले आणि द्वारकेच्या घशाशी आले. ती पडवीमागे धावली. ओकली. रिकाम्या पोटाने ओकली, कडू ओकली. तिला वाटले, ओघळ आपल्याच कपाळावरून उतरतो आहे. वैशाखापासून उतरतो आहे. आणि आपण तो मुकाट्याने, आज्ञाधारकपणे अंगावर वागवतो आहोत. वासुदेवापेक्षा, सुर्व्यांपेक्षा, तिला स्वतःच्या खाली घातलेल्या मानेची शिसारी आली.

तिने चूळ भरली. हात धुतले, कोपरापर्यंत. पाण्याने भरलेला तांब्या घेतला, आणि उंबरा ओलांडला.

"द्वारके!" सुर्वे ओरडले. "विटाळ करतेस?"

तिने आईच्या कपाळावर पाणी ओतले. पदराने पुसले. पुन्हा ओतले, पुन्हा पुसले. लालसर तपकिरी गढूळ पाणी आईच्या पायांवरून वाहत मोरीत गेले. मग ती वळली.

"विटाळ?" तिचा आवाज चढला नाही. "भावोजींच्या अंगठ्याचा वास घ्या, मग बोला."

वासुदेवाने हात पाठीमागे लपवला. तेव्हा कुणब्यांची म्हातारी सोनाय काठी टेकत पुढे आली, तिने त्याचा हात ओढून काढला, अंगठा नाकाशी नेला, आणि एखादे मेलेले पाखरू भिरकावावे तसा तो झिडकारला.

"शी! थुंकी आईच्या कपाळी?"

ते एक अक्षर बायकांच्या ओळींतून फिरले. शी. कुणी तोंडाला पदर लावला, कुणी पोराला जवळ ओढले. शी, शी. जणू सगळ्या गावाच्या जिभेवर एकदमच ती चव आली होती.

सुर्व्यांनी खाकरून घसा साफ केला. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, घाई होती. "बरं, झालं गेलं. चंद्र वर आलाय, माणसं खोळंबलीत. आता तूच रेख. तुला हवंच होतं ना?"

हवे होते. वैशाखापासून हेच, एवढेच हवे होते. आणि आता ते असे समोर आले. कुणीतरी खाऊन टाकलेल्या उष्ट्या पत्रावळीसारखे.

"आज नाही," द्वारका म्हणाली. "मला किळस आलीय. किळसलेल्या बोटानं चंद्र काढायचा नसतो."

त्या कोजागरीला आकाशात पूर्णबिंब आणि आईचे कपाळ कोरे. दुधाला कुणी तोंड लावले नाही. ते कढईतच नासले, आंबले, आणि त्याचा वास वद्यभर आवारातून गेला नाही. सुर्वे दोनदा निरोप पाठवून थकले. तिसऱ्यांदा स्वतः आले, दारात उभे राहिले, आणि खाली बघत म्हणाले, "चुकलं. मी बघितलं होतं."

द्वारकेने त्यांना बसा म्हटले नाही. पण तिने ऐकले.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सांजेला ती न्हाली, गाभाऱ्यात गेली, आणि बायका दाराशी श्वास धरून उभ्या असताना तिने आईच्या कपाळी कोर रेखली. वळण चुकले नाही. किळस पुरती गेली होती असे नाही. तांब्याच्या भांड्याच्या बुडाशी हिरवट डाग राहतो तशी ती राहिली होती.

तिला भाऊ नव्हता. ज्यांना भाऊ नाही त्या बायकांनी चंद्राला ओवाळायचे असते. ती निरांजन घेऊन पश्चिमेच्या पायरीवर आली. खाडीवर कोर उभी होती, नाजूक, धारदार, एकाकी. आणि तिचा हात थबकला.

हाही डागाळलेलाच. पुराणातला हा, सत्तावीस बायका करून एकीवरच भाळलेला, बाकीच्यांच्या गाऱ्हाण्यावरून सासऱ्याच्या शापाने क्षय लागलेला. ह्याचा डाग चालतो, ह्याला देवी कपाळी धरते. का?

बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली, निर्दय, निरखून. मग तिला वाटले, ह्याने डाग झाकला तरी कुठे? भर आकाशात, साऱ्या जगासमोर, तो काळिमा उघडा घेऊन हा पुरा होतो, आणि मग महिन्यागणिक तिळतिळ झिजत त्याचे मोल भरतो. वर थुंकी लावून तो सारवत नाही.

"ये बाबा," ती पुटपुटली.

आणि तिने ओवाळले. ज्योत वाऱ्याने झुकली, सावरली, झुकली, सावरली. मागे सोनायने आपली पणती उचलली, मग आणखी कुणी, मग आणखी कुणी. खाडीचे पाणी सांजावले, काळवंडले; आणि त्या काळ्या, शांत, अथांग पाण्यात चंद्राची कोर हळूहळू, हळूहळू उतरत गेली.