दाराकडे तोंड असलेली खुर्ची

आता.

दार उघडलं आणि सकाळचा नवीन माणूस म्हणून तिचे वडीलच आत आले. स्वागताला उठलेली समुपदेशक मटकन खाली बसली. वडिलांनी सगळी खोली नजरेखालून घातली, भिंतीला टेकलेली खुर्ची गाठली आणि दाराकडे तोंड करून बसले. इथे येणारे सगळे माजी सैनिक हीच खुर्ची धरतात.

"बाबा? तुम्ही? मी डबा विसरले का?"

"डबा कसला! नंबर लावलाय मी."

आधी.

ती शाळेत शिकवायची. ती नोकरी सोडून इस्पितळात जखमी जवानांशी बोलायला लागली. मग परीक्षा, मग प्रशिक्षण. शिकाऊ असताना पहिल्याच माजी सैनिकाला तिने अदबीने दाराकडे पाठ असलेली खुर्ची दिली. तो घामाघूम होऊन निघून गेला, पुन्हा फिरकलाच नाही.

"अगं, पाठीमागून कोण येतंय ते दिसत नसेल तर तो बोलेल कसा?" तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या.

तेव्हा तिला घरचं जेवणाचं टेबल आठवलं. दारासमोरची बाबांची जागा. पाहुण्यालाही न मिळणारी.

बाबांचं पालुपद मात्र ठरलेलं : "रडगाणी ऐकायचा पगार मिळतो बुवा आमच्या लेकीला!"

पुन्हा आता.

"आई म्हणाली, या आठवड्यापासून तू एकटीने माणसं घेतेस. तेवढ्यासाठीच थांबलो होतो."

"कधीपासून?"

"तू शाळा सोडलीस तेव्हापासून."

ती काही बोलणार तोच बाबा म्हणाले,

"पुलावर माझा जोडीदार पडला. जिवंत होता गं. हाका मारत होता. मी पळालो."

उभ्या आयुष्यात या माणसाने लढाईबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आणि इथला पहिला नियम : घरच्या माणसाला आपण घ्यायचं नाही. पण आत्ता अडवलं, तर हे तोंड पुन्हा उघडेल?

"बाबा, थांबा."

ते थांबले. उठले. चेहरा दगडासारखा.

"कळलं. बापाची लाज वाटली."

"नाही हो! मला रडू येतंय. माझ्या खुर्चीत बसून रडता येत नाही. शेजारी मोठ्या बाई आहेत, त्यांच्याशी बोला."

"परक्या बाईशी?"

"मी दाराबाहेर बसते. कुणालाही आत सोडणार नाही."

"म्हणजे पहारा?"

"पहारा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. नवख्या शिपायाला जोखावं तसे. मग शेजारच्या खोलीत गेले.

दार ओढून घेताना तिला आत दिसलं. मोठ्या बाईंनी भिंतीकडची खुर्ची पुढे केली होती. ती सोडून बाबा दुसरीत बसले होते.

दाराकडे पाठ करून.